नंबर तीन, उचलणारा कोण?

वाचकाचं पत्र :

"सर, नमस्कार. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं शेतीपंप, मोटार, स्टार्टर आणि पाइप-फिटिंगचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. दोन-तीन वर्षांत गिऱ्हाईक कमी होत चाललंय. आमचा भाव बाजारात सगळ्यात कमी, वजनात-मापात कधी खोट नाही. पलीकडच्या दुकानात माल आमच्यापेक्षा महाग, तरी तिथं गर्दी. दुकानात तीन मोबाइल ठेवलेत, तिन्ही नंबर पाटीवर आहेत, चार माणसं कामाला आहेत. तरी लोक म्हणतात, तुमचा फोन लागत नाही. फोन वाजला की पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात. हल्लीची पोरं कामाची नाहीत. मी एकटा कुठं कुठं बघू? मुलगा म्हणतो मोबाइलवर जाहिरात करूया. एक एजन्सी महिन्याला पंधरा हजार मागतेय. जाहिरात करावी, की माणसं बदलावीत?"

दादा,

उत्तर लिहायला बसायच्या आधी मी जरा आगाऊपणा केला. पत्राच्या खाली तुम्ही दुकानाच्या पाटीचा फोटो जोडला होता. त्यावरचे तिन्ही नंबर मी लावून बघितले, आणि एक-दोनदा नाही, चांगले चार दिवस. अडीच इंची फूट व्हॉल्व्हचा, म्हणजे विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी बसणाऱ्या झडपेचा, भाव विचारायचा, एवढंच काम ठरवलं. यापेक्षा सोपा प्रश्न तुमच्या धंद्यात मला तरी सुचला नाही.

सोमवारी सकाळी पावणेअकराला पहिला नंबर लावला. पूर्ण रिंग वाजून बंद झाला. दुसरा बंदच लागला. तिसरा उचलला.

"मालक न्हाईत."

मी अजून काही बोललोच नव्हतो. म्हटलं, मालक नकोत, फूट व्हॉल्व्हचा भाव पाहिजे. "मालक आल्यावर करा." कधी येतील? "येतील की." आणि फोन ठेवला.

मंगळवारी सव्वा वाजता पहिल्या नंबरवर "जेवायची वेळ हाय, चारनंतर करा" असं उत्तर आलं. चारनंतर केला, एंगेज. साडेचारला, पाचला, एंगेज. बुधवारी सकाळी आठ ते साडेनऊ या वेळात सहा वेळा लावला. दोनदा एंगेज, चारदा उचललाच नाही. चार दिवसांत माझ्या नंबरवरून तुमच्या तीन नंबरांवर मिळून सतरा कॉल गेले. उलट फोन एकही आला नाही. गुरुवारी व्हॉट्सअॅपवर लिहून विचारलं. दुपारपर्यंत दोन निळ्या टिका पडल्या. म्हणजे कुणीतरी वाचलं. त्यापुढं शांतता.

शुक्रवारी मी दुकानात आलो. ओळख दिली नाही, राग मानू नका.

आणि काय सांगू, पायरी चढायच्या आत "या काका, बसा" झालं. फडक्यानं खुर्ची पुसली. पाणी आलं. नको नको म्हणत असताना चहा आला. शेतकरी आहे का, कुठलं गाव, मोटार किती एचपीची, पाणी नदीचं की विहिरीचं, सगळी चौकशी आपुलकीनं झाली. वीस मिनिटांत मला तुमच्या माणसांत एकही आळशी दिसला नाही. मग मी भाव विचारला. पोरगा म्हणाला, "थांबा, मालकांना विचारतो." त्यानं तुम्हाला फोन लावला.

तुम्ही उचलला नाहीत.

दोनदा लावला. बँकेत होता म्हणे तुम्ही. फूट व्हॉल्व्हचा भाव न कळताच मी चहा पिऊन बाहेर पडलो.

आता तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा आधी घेतो, कारण त्याचं उत्तर या शुक्रवारातच आहे. माणसं बदलू नका. बसल्या बसल्या मी त्या पोराला सहज विचारलं, की फोन का घेत नाही रे तुम्ही? आधी हसला. मग म्हणाला, "मागं एकदा घेतला होता काका. भाव सांगितला, तो चाळीस रुपयानं कमी सांगितला गेला. गिऱ्हाईक त्याच भावाला भांडून घेऊन गेलं. चाळीस रुपये माझ्या पगारातनं गेले."

कोणता पोरगा ते मी सांगणार नाही, आणि तुम्हीही शोधत बसू नका. त्याला एका शब्दानं बोललात तर हे सगळं लिहिणं फुकट. त्या चाळीस रुपयांत तुम्ही चारही माणसांना एक गोष्ट पक्की शिकवलीत: फोन उचलणं म्हणजे जोखीम. न उचललेल्या फोनचे पैसे आजवर कुणाच्या पगारातून कापलेत का? नाही. मग त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? फोन वाजला की विचारणार काय, भाव. माल शिल्लक आहे का. मोटार तयार झाली का. मेकॅनिक कधी येणार. या चारांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायची त्यांना मुभा नाही. मग फोन घेऊन त्यांनी करायचं काय? "मालक न्हाईत" एवढंच एक वाक्य त्यांच्या हातात तुम्ही ठेवलंय, तेच ते प्रामाणिकपणे म्हणतात.

मी स्वतः शिवाजी उद्यमनगरात बेअरिंग आणि बेल्टचं दुकान बरीच वर्षं चालवलं. हीच चूक मी केलेली आहे. माझाही समज असा, की भाव माझ्या तोंडून गेला पाहिजे, नाहीतर धंदा हातातून जाईल. फाउंड्रीवाल्याची मशीन बंद पडलीय, त्याला तासाभरात बी-सेक्शनचे चार बेल्ट पाहिजेत, आणि मी कुठल्यातरी बारशाला जेवतोय. तो काय माझं जेवण व्हायची वाट बघणार? त्याच्या एका तासाची किंमत माझ्या चार बेल्टांपेक्षा जास्त. हे मला कळायला फार उशीर लागला, कारण तो भांडायला आला नाही. तोच नव्हे, कुणीच आलं नाही.

इथं जरा थांबतो, कारण तुमच्या पत्रातली खरी गोम ही आहे. तुम्ही म्हणता गिऱ्हाईक कमी झालं, पण का ते कळत नाही. कळणार कसं? खतावणीत काय लिहिलं जातं? जे विकलं ते. उधारी कुणाची ते. परत आलेला माल. ज्यानं तीनदा फोन केला, चौथ्यांदा पलीकडच्या दुकानाला लावला आणि तिथून मोटार नेली, त्याची नोंद कुठल्या पानावर आहे? भाव पटला नाही म्हणून जाणारा निदान घासाघीस करून जातो, तोंड वाकडं करून जातो. तुम्हाला तो दिसतो. फोन न लागलेला माणूस दिसतच नाही. म्हणून तुम्हाला वाटतं की लढाई भावाची आहे, आणि तुम्ही भाव उतरवत जाता. सगळ्यात कमी भाव तुमचा, हे खरं असेल. पण तो भाव ऐकायला कुणी मिळत नाही, त्याला काय करायचं?

शेतकऱ्याच्या बाजूनं हिशेब करून बघा. गगनबावड्याकडचा माणूस पंचावन्न किलोमीटर येणार. दिवस मोडणार, पेट्रोल जाणार, आणि लक्ष्मीपुरीत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे दुसरी परीक्षा. एवढं करून दुकानात "तो माल परवा येणार" असं ऐकायचं असेल, तर त्याला पंपाच्या आतला तुमचा दोनशे रुपये स्वस्त इम्पेलर महाग पडला. पलीकडच्यानं फोनवर "आहे, काढून ठेवतो, चारपर्यंत या" म्हटलं, की जादाचे दोनशे तो हसत देतो. तो भाव मालाचा नाहीच, निर्धास्तपणाचा आहे.

त्यात तुमचा धंदा असा, की गिऱ्हाईक फोन करतं ते अडल्यावरच. हौसेनं मोनोब्लॉक पंप बघायला कुणी येत नाही. ऊस वाळायला लागलाय. शेतीच्या विजेची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. दिवसा वीज द्या म्हणून २०२२ मध्ये याच शहरात महावितरणच्या दारात शेतकरी ठाण मांडून बसले होते, ते तुम्ही बघितलंय. रात्रपाळीत दोन वाजता मोटार जळते. माणूस अंधारात वास घेऊनच ओळखतो की वाइंडिंग गेलं. सकाळी सात वाजल्यापासून तो दुकान कधी उघडतंय याची वाट बघत फोन लावत असतो. उन्हाळ्यात पाटबंधारे खात्याची उपसाबंदी, म्हणजे नदीतून पाणी उपसायला ठरावीक दिवस बंदी, लागली की आणखी घाई, कारण उपसा खुला असलेल्या मोजक्या दिवसांत मोटार चाललीच पाहिजे. तुम्ही शटर वर करता साडेनवाला. आठ ते साडेनऊ ही तुमच्या गिऱ्हाइकाची सगळ्यात नडीची वेळ आणि तुमचे तिन्ही फोन तेव्हा ड्रॉवरमध्ये.

घरचंच एक उदाहरण. माझा मामेभाऊ शिरोळ तालुक्यात आहे, नदीकाठाला. २०२१ च्या जुलैतल्या पुरात त्याची मोटार वर काढायला वेळ मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर गाळानं भरलेली मोटार त्यानं रिवायंडिंगला टाकली. दुकानाचं नाव सांगत नाही, ते लक्ष्मीपुरीतही नाही. "तीन दिवसांत देतो" म्हणाले. पाचव्या दिवसापासून यानं फोन सुरू केले. उचलत नाहीत. सातव्या दिवशी कुणीतरी उचलला, "बघून सांगतो" म्हणाला, सांगितलं नाही. नवव्या दिवशी भाऊ स्वतः गेला तर मोटार तयार होती, दोन दिवसांपूर्वीच झालेली! काम चोख होतं, पैसेही वाजवी घेतले. पण त्याच्या भावकीतल्या आणि शेजारच्या मिळून बारा-चौदा मोटारी पुराच्या पाण्यातून निघाल्या होत्या, त्या सगळ्या दुसरीकडं गेल्या. तो मला म्हणाला ते शब्द असे: "नऊ दिवस लागतील म्हटला असता तर नऊ दिवस गप बसलो असतो की. पूर आलाय, मला काय कळत नाही होय?"

उशीर माणूस सोसतो. आपल्याला कुणी विचारत नाही ही भावना सोसत नाही. आणि खेड्यातलं गिऱ्हाईक कधी एकटं नसतं. त्याच्यामागं भावकी असते, विहिरीचे वाटेकरी असतात, एखादी पाणीपुरवठा संस्था असते. एक फोन सुटला की एक बिल गेलं असं तुम्ही धरता, प्रत्यक्षात सगळी वस्ती जाते.

आता तीन नंबरांविषयी. तुम्हाला वाटतं तीन फोन म्हणजे तिप्पट सोय. उलट आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एर्लांग नावाचा एक गणिती होता. लोकांना लाइन एंगेज का लागते याचा त्यानं शास्त्रशुद्ध हिशेब मांडला. पहिला लेख १९०९ चा, सूत्र १९१७ चं. त्याचं म्हणणं साधं होतं. फोन काही रांगेत, ठरावीक अंतरानं येत नाहीत, झुंडीनं येतात. म्हणून सरासरीवर जाल तर फसाल. तुमच्या दुकानाला त्याचं सूत्र लावून बघितलं. समजा गर्दीच्या वेळी तासाला दहा फोन येतात आणि प्रत्येकावर चार मिनिटं जातात. चाळीस मिनिटं बोलणं, वीस मिनिटं फोन मोकळा. बसला की हिशेब, असं वाटेल. पण एकच फोन असेल तर पाचातल्या दोघांना एंगेज लागणार. तेच दहा फोन तीन नंबरांत वाटले गेले, ज्याच्याकडं जो नंबर आहे तो तोच लावणार, तर पाच-सहा जणांत एकाला एंगेज. आणि आता गंमत बघा. तेच तीन फोन, तीच तीन माणसं, पण बाहेर नंबर एकच आणि एक गुंतला की फोन आपोआप दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. मग जेमतेम चाळिसात एकाला एंगेज लागतो. नवा फोन नाही, नवा माणूस नाही. हे सगळं अर्थात प्रत्येक फोनपाशी माणूस बसलाय असं धरून. ड्रॉवरमधल्या फोनला एर्लांगसुद्धा काही करू शकत नाही.

तेव्हा पाटीवर एकच नंबर ठेवा. जुने दोन बंद करू नका, वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकांच्या डायरीत ते असतील. ते दुकानातच चालू राहू देत. मुख्य नंबर गुंतलेला असला किंवा पाच-सहा रिंगांत उचलला नाही, तर पुढच्या मोबाइलवर जाईल असं कॉल डायव्हर्ट तुमच्या मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जाऊन करून घ्या. फोनवर कुणी अनोळखी माणूस "अमुक कोड दाबा, डायव्हर्ट चालू होईल" म्हणाला तर अजिबात दाबू नका. त्या मार्गानं बँकेचे ओटीपी पळवायचे प्रकार इतके झाले, की एप्रिल २०२४ मध्ये दूरसंचार विभागानं कोड दाबून डायव्हर्ट करायची पद्धतच थांबवायला लावली.

हे झालं यंत्राचं. ते एका दुपारचं काम आहे. अवघड आहे ते तुमचं काम.

भावाची यादी करा. तुमच्या दुकानात हजार नग असतील, पण रोज विचारले जाणारे साठ-सत्तरच. फूट व्हॉल्व्ह, ग्लँड दोरी, कपलिंग, बेंड, नेहमीच्या साइजचे पाइप, दोन-तीन एचपीच्या मोटारी. मोठ्या अक्षरांत छापून गल्ल्यापाशी चिकटवा, दर सोमवारी सुधारा. यादीतला भाव फोनवर कुणीही सांगायचा. आणि त्याखाली किती सोडायचं तेही ठरवून द्या. पाचशेच्या आतल्या मालावर शेवटचे दहा-वीस रुपये सोडायचा अधिकार पोराला असला तर आभाळ कोसळणार नाही. चुकलं, चाळीस रुपये कमी सांगितले गेले, तर ते दुकानाचे गेले. त्या पोराचे कापलेले चाळीस रुपये या महिन्यात परत द्या. चौघांसमोर द्या. एवढ्या एका गोष्टीनं जो फरक पडेल तो माझ्या या अख्ख्या पत्रानं पडणार नाही.

मग एक वही. साधी, दोनशे पानी. फोन आला की वेळ, नाव, गाव, काय पाहिजे, काय सांगितलं. सुटलेले फोन मोबाइलच्या यादीतून बघून त्यात लाल पेननं उतरवायचे आणि अर्ध्या तासात उलट लावायचा. दुकान बंद करायच्या आधी लाल ओळ मोकळी राहता कामा नये. पहिले पंधरा दिवस उलट फोन तुम्ही स्वतः करा. मुद्दाम सांगतोय. "मगाशी फोन लागला नाही, काय पाहिजे होतं?" असं विचारा आणि मग ऐका. "घेतला दुसरीकडनं" हे वाक्य दिवसात किती वेळा ऐकू येतं ते मोजा. तेव्हा तुमची ती न दिसणारी खतावणी दिसायला लागेल.

मी आपला अंदाजाचा एक आकडा मांडतो, तुमचा तुम्ही काढा. समजा दिवसाला आठ फोन सुटले. निम्मे लोक पुन्हा करतील किंवा येतील, दोघं नुसते चौकशीवाले, आणि दोघं खरोखर घेणारे. बिल सरासरी दोन हजार. दिवसाचे चार हजार, महिन्याच्या २६ दिवसांचे एक लाख चार हजार. एजन्सीवाला तुमच्याकडून पंधरा हजार घेऊन काय करणार? आणखी लोकांना फोन करायला लावणार. आधीचेच उचलत नाही, त्यात आणखी भर. गळक्या घागरीला मोठा नळ लावून काय उपयोग? आणि जाहिरात बघून फोन केलेला नवा माणूस तुम्हाला ओळखत नाही, वडिलांच्या वेळेपासूनचा त्याचा लोभ नाही. तो एकदाच लावणार. तेव्हा पंधरा हजार सध्या राहू देत. वही तीन महिने नीट चालली आणि लाल ओळी आठवड्याला चार-पाचवर आल्या, तर मग मुलाचं ऐका. त्याची कल्पना वाईट नाही, वेळ चुकलीय.

मुलाला तोवर दुसरं काम द्या. गुगलच्या नकाशावर तुमचं दुकान त्यानं उघडून बघावं. मी बघितलं; वेळ सकाळी नऊ ते रात्री नऊ दाखवतंय आणि नंबर तोच, जो कायम बंद लागतो. व्हॉट्सअॅपचं दुकानदारांसाठीचं वेगळं अॅप आहे, २०१८ पासून मिळतं, फुकट आहे. त्यात दुकान बंद असताना आपोआप जाणारा निरोप लावता येतो, मालाचे फोटो भावासकट ठेवता येतात. पण "लवकरच संपर्क करू" असला गुळमुळीत निरोप नको. "दुकान साडेनऊला उघडतं, दहाच्या आत फोन करतो" असं लिहा आणि दहाच्या आत करा. नाहीतर त्या निळ्या टिकांपेक्षा हा निरोप जास्त चिडवतो.

पुढं जाऊन त्याला स्वतःच्या वेबसाइटवरून पार्सलनं माल विकायचा असेल, तर हे सांगून ठेवा, की ऑनलाइन विक्रीत फोन न उचलणं ही नुसती सवय राहत नाही, कायद्याचा मामला होतो. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे तक्रार बघणाऱ्या माणसाचं नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. गिऱ्हाइकाला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आता पाठ असतो.

पोरांना बोलायला शिकवायला कुणी ट्रेनर आणू नका, एवढी विनंती. "नमस्कार, मी आपली काय सहाय्यता करू शकतो" असलं लक्ष्मीपुरीत कुणी बोललं तर शेतकऱ्याला वाटेल चुकून बँकेत लागला. तुमच्या पोरांची बोली रांगडी आहे आणि ती गोड लागते. शुक्रवारी मी ऐकलीय. दुकानाचं नाव घ्यायचं आणि "बोला की" म्हणायचं. माल नसेल तर "न्हाई" सांगायचं, तेही उत्तरच आहे. आणि माहीत नसेल तर "पाच वाजेपर्यंत फोन करतो" म्हणून नंबर वहीत. जो पाहुणचार पायरी चढलेल्या माणसाला मिळतो, त्यातला चहा सोडून बाकी सगळा फोनवर देता येतो.

सकाळी आठ ते साडेनऊचं काय? एकाला लवकर बोलवा आणि संध्याकाळी लवकर सोडा. किंवा मुख्य फोन रात्री घरी न्या आणि ते दीड तास तुम्ही उचला. तुम्हीच उचलावा असं माझं मत, निदान पहिला उन्हाळा. वडील काउंटरवर बसायचे तेव्हा गिऱ्हाइकाची नड त्यांच्या कानावर थेट पडत असेल. तुमच्या कानावर आता फक्त पोरांच्या तक्रारी पडतात.

राहता राहिलं तुमचं स्वतःचं. "मी एकटा कुठं कुठं बघू" हे वाक्य पत्रात तुम्ही लिहिलंय. थकलेल्या माणसाचं वाक्य आहे ते, मी हसत नाहीये. पण बघा, सगळं एकट्यानं बघायचं हे ठरवलं कुणी? भाव तुमच्याकडं, मालाची शिल्लक तुमच्या डोक्यात, मेकॅनिकची पाळी तुमच्या खिशातल्या चिठ्ठीवर. दुकानात चार माणसं असून दुकान तुमच्या एका मोबाइलमध्ये आहे, आणि तो मोबाइल बँकेत सायलेंटवर. यादी आणि वही झाली की यातलं निम्मं ओझं उतरेल. उरलेल्यासाठी एक करा: तुमच्या माणसांचा फोन आला तर तो कुठंही असलात तरी उचलायचा. दुकानातून तुम्हाला येणारा फोन हा गिऱ्हाइकाचाच फोन असतो, फक्त तो पोराच्या नंबरावरून आलेला असतो.

फूट व्हॉल्व्ह मला खरंच पाहिजे, गावाकडच्या विहिरीसाठी. अडीच इंची. पुढच्या शनिवारी सकाळी साडेआठला तुमच्या पहिल्या नंबरवर फोन करीन.